कोकणातून सह्याद्री चढताना: पहिल्यांदा ट्रेकला निघणाऱ्यांसाठी

मी चिपळूणची. गेली चौदा-पंधरा वर्षं डोंगरात जातेय आणि दरवर्षी दिवाळी संपली की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, ताई आम्हाला पण ट्रेक सुरू करायचाय, कुठून सुरुवात करू, काय काय घेऊ. फोनवर अर्ध्या तासात सगळं सांगून होत नाही, काहीतरी राहतंच, आणि जे राहतं तेच नेमकं महत्त्वाचं असतं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. हे खेड, चिपळूण, दापोली, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, महाड अशा खालच्या पट्ट्यातून निघणाऱ्यांसाठी आहे.

खालच्या पट्ट्यातून हे मुद्दाम म्हणतेय, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. नेटवर ट्रेकची जी माहिती मिळते ती बहुतेक घाटावरून जाणाऱ्यांनी लिहिलेली असते. पुणं मुळातच समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, तिकडून निघालेला माणूस गाडीतून उतरतो तेव्हाच अर्ध्या डोंगरावर उभा असतो. वासोटा किल्ल्याचंच बघा. बामणोलीहून बोटीने येणारा शिवसागर जलाशयाच्या काठावर उतरतो, आणि कोयना धरण भरलं की पाण्याची पातळीच समुद्रसपाटीपासून २१६३ फूट असते. त्याच बाजूला आपल्या खेड तालुक्यातल्या चोरवण्यातून नागेश्वरमार्गे निघालात तर त्या २१६३ फुटांतले बहुतेक फूट तुम्हाला आधी पायांनी चढायला लागतात आणि मग कुठे बोटीवाल्याचा ट्रेक सुरू होतो. तेव्हा "दोन तासात होतो, सोपा आहे" असं कुठे वाचलंत तर आधी कुठल्या गावातून ते बघा. कोकणातून तोच डोंगर दुप्पट असतो, आणि पाणी, वेळ, दम सगळं त्या दुपटीने धरायचं.

कधी जायचं

नवीन माणसाने नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जावं, बास. ऑक्टोबरात गवत छातीएवढं असतं, वाट दिसत नाही, पायाखाली काय आहे ते कळत नाही, ऊन पण वाईट लागतं. मार्चपासून पुढे कोकणाच्या बाजूने चढणं हा वेगळाच प्रकार आहे. आपल्याकडे हवा दमट, घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला तरच अंग थंड होतं. त्यामुळे घाटावर ३५ डिग्रीत चालणारा माणूस आपल्याकडे ३३ डिग्रीत आडवा होतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय, तब्येतीने चांगला, रोज पळणारा मुलगा होता.

पावसाळ्याचं पुढे लिहिते, पण पहिला ट्रेक पावसात नको. धबधब्याचे व्हिडिओ बघून कितीही वाटलं तरी नको.

कुठून सुरुवात करायची

आधी पंधरा-वीस दिवस घराजवळचा चढ धरा. कोकणात सपाट गाव कुठे आहे, प्रत्येक वाडीला पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची चढाची वाट, असतेच. तीच पाखाडी पाठीवर चार-पाच किलोची बॅग घेऊन रोज पाऊण तास खालीवर करा. जिमपेक्षा हे चांगलं, कारण यात उतरणं पण येतं, आणि ट्रेकमध्ये गुडघे उतरतानाच जातात.

मग पहिला गड म्हणजे रसाळगड. खेडपासून जवळ, गाडी रसाळवाडीपर्यंत जाते, तिथून चढ थोडाच आहे. वर झोलाई देवीचं देऊळ, पाण्याची टाकी, जागोजागी पडलेल्या तोफा, आणि समोर सुमारगड, महिपतगडाची रांग. घरातली पोरं आणि साठीतले आईबाबा घेऊन सुद्धा जाता येतं. हा ट्रेक दमण्यासाठी नाही, शूज कुठे चावतात, बॅगेचा पट्टा कुठे काचतो, तुम्हाला तासाला किती पाणी लागतं हे बघण्यासाठी आहे. ते लिहून ठेवा खरंच.

दुसरा रायगड, पण पायऱ्यांनी चढायचा आणि पायऱ्यांनीच उतरायचा, रोपवेने नाही. चौदाशेच्या वर पायऱ्या आहेत, वाट चुकायचा प्रश्न नाही, वाटेत ताक-सरबत मिळतं, माणसं असतात. एकदम सुरक्षित ठिकाणी तुमच्या मांड्यांची परीक्षा होते. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना भिंतीला धरायला लागलं तर अजून महिनाभर पाखाडी करा.

तिसरा महिपतगड, दहिवलीच्या बाजूने. इथे खरा सह्याद्री सुरू होतो. तीन-चार तासांचा चढ, मध्ये दाट रान, फाटे. पहिल्या वेळी गावातला माणूस सोबत घ्यायचाच. वर वाडी बेलदार, तिथून गड. एवढं दोनदा नीट झालं, दमून पण हसत घरी आलात, की मग सुमारगड आणि शृंगारपूरहून प्रचितगड यांचा विचार करा. सुमारगडाला कातळाचा टप्पा आहे आणि रान इतकं दाट की वाट माहीत नसेल तर सापडत नाही. प्रचितगडाला वरच्या कड्यात शिडी चढायला लागते आणि खाली बघितलं तर पोटात गोळा येतो. दोन्ही अनुभवी ग्रुपबरोबरच.

नागेश्वर, वासोटा, प्रचितगड हे सगळं अभयारण्याचं रान आहे, कोयना आणि चांदोली मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झालाय. वनखात्याची परवानगी लागते, ती आधी काढा. परवानगीशिवाय मागच्या वाटेने घुसणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, कारण त्यांचं काही बरंवाईट झालं तर शोधायला जाणाऱ्याला कुठल्या डोंगरात शोधायचं हेच माहीत नसतं.

निघायच्या आधी

गावात फोन करा. सरपंच, पोलीस पाटील, शाळेतले गुरुजी, देवळाचे गुरव, कुणाचा तरी नंबर मिळतोच. विचारायचं काय ते ठरवून विचारा. वाट साफ आहे का? टाक्यात पाणी आहे का? मधे कुठे दरड आलीय का? वाटाड्या मिळेल का आणि दिवसाचे किती द्यायचे? पैसे आधी बोलून घ्या आणि घासाघीस करू नका, तो त्या दिवशी आपलं शेतावरचं काम सोडून येतो. वाटाड्या म्हणजे "गाईड हायर केला" असं नाही, ते काका आहेत, दादा आहेत, तुमच्या घरी पाहुणा आला तर जसं वागाल तसं वागा. एक अनुभवाची गोष्ट सांगते, "वाट सोपी आहे का" असं कधीच विचारू नका. ज्यांचं सगळं आयुष्य त्या उतारावर गेलंय ते "व्हय, सोपीच हाय, आता पोचाल" असंच म्हणणार. त्याऐवजी विचारा, "काका, तुमच्या घरातली दहा वर्षांची पोर एकटी जाईल का हो या वाटेने?" उत्तर लगेच खरं मिळतं.

दुसरं, घरी कागदावर लिहून ठेवा: कोण कोण जातंय, कुठल्या गावातून चढणार, कुठे उतरणार, गाडीचा नंबर, वाटाड्याचा नंबर, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची ती वेळ. व्हॉट्सॲपवर टाकून निघू नका, तो मेसेज शंभर मेसेजच्या खाली जातो. कागद, फ्रिजवर, चुंबकाखाली.

तिसरं, सर्पदंशाची लस असलेलं जवळचं हॉस्पिटल. खेडच्या बाजूला कळंबणीचं उपजिल्हा रुग्णालय, चिपळूणला कामथ्याचं, पण निघायच्या आदल्या दिवशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फोन करून लस आहे का विचारलंत तर एक तास वाचू शकतो, आणि त्या वेळी एक तास फार मोठा असतो.

बॅगेत काय

माणशी चार लिटर पाणी. हो, चार. जड होतं म्हणून दोनच घेणारे लोक बाराच्या उन्हात दुसऱ्याच्या बाटलीकडे बघत बसतात. गडावरच्या टाक्यांवर अवलंबून राहू नका, जानेवारीत भरलेलं टाकं फेब्रुवारीत शेवाळलेलं असू शकतं. नुसतं पाणी पण पुरत नाही, मीठ जातं अंगातलं, म्हणून ओआरएसची पाकिटं, नसतील तर एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, सपाट भरलेला. कोकम आगळ असेल तर फारच छान, मीठ घातलेल्या आगळाचं सरबत मी गेली कित्येक वर्षं नेतेय, दमलेल्या माणसाला पाणी जात नाही पण हे जातं.

मुलींना आणि बायकांना एक वेगळं सांगायचंय. लघवीला जायला लागू नये म्हणून आपण पाणी कमी पितो, एसटीच्या प्रवासात लागलेली सवय आहे ती, आणि डोंगरात ती सवय सरळ हॉस्पिटलात नेते. ग्रुपमध्ये सकाळीच सांगून टाका की दर दीड तासाला थांबायचं, पुरुष मंडळी पुढे वळणावर जाऊन थांबतील. पहिल्यांदा अवघड वाटतं, दुसऱ्यांदा कुणालाच काही वाटत नाही. पाळीचे दिवस असतील तर एक जास्तीची काळी पिशवी ठेवा आणि सगळं परत घेऊन या.

शूज खोल नक्षीच्या रबरी तळाचे. महागच लागतात असं नाही, ॲक्शन कंपनीचे ट्रेकिंग शूज घालून आख्खा सह्याद्री फिरलेली माणसं मला माहितीयेत. पळायचे मऊ शूज मुरमाच्या घसाऱ्यावर बॉलबेअरिंगसारखे सरकतात. पूर्ण बाह्यांचा सुती किंवा पटकन वाळणारा शर्ट, फुल पँट, जीन्स नको. टोपी. प्रत्येकाकडे स्वतःची टॉर्च, मोबाईलची नाही, डोक्याला लावायची मिळाली तर उत्तम. शिट्टी. पॉवर बँक. क्रेप बँडेज, बँड-एड, तुमची रोजची औषधं. एक कोरडा शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत, कारण उंचीबरोबर दर हजार मीटरला साधारण साडेसहा डिग्री तापमान उतरतं आणि घामाने भिजलेल्या अंगाने वरच्या वाऱ्यात बसलं की दहा मिनिटांत हुडहुडी भरते. जेवायला तांदळाची भाकरी-चटणी, गूळ-शेंगदाणे, खजूर, काकडी. चिप्सने तहान वाढते. नकाशा आधीच फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा, डोंगरात नेटवर्क असेल असं धरूच नका, फोन एअरप्लेन मोडवर ठेवा म्हणजे बॅटरी टिकते.

चढताना

आपल्या बाजूचे कडे पश्चिमेकडे तोंड करून आहेत. म्हणजे सकाळी सूर्य डोंगराच्या मागे असतो आणि चढाची बाजू साधारण दहापर्यंत सावलीत राहते, आणि दुपारी दोनला तोच कातळ तव्यासारखा तापतो. ही कोकणवाल्यांना देवाने दिलेली सवलत आहे, ती वाया घालवू नका. उजाडायला पायथ्याचं गाव सोडायचं, दहा-साडेदहाला वरच्या पदरात, म्हणजे दोन कड्यांमधल्या रानाच्या पट्ट्यात, झाडीत पोचायचं. सकाळी नऊला मिसळ खाऊन अकराला चढायला लागणारे ग्रुप मी बघते तेव्हा पोटात कालवतं.

आणि परत फिरायची वेळ आधी ठरवा. आम्ही एक वाजता ठरवतो. एक वाजला की जिथे असू तिथून मागे, वरचा दरवाजा समोर दिसत असला तरी मागे. डिसेंबरात सहाला सूर्य बुडतो आणि रानात साडेपाचलाच पायाखालचं दिसेनासं होतं. गड तिथेच राहतो, पुढच्या रविवारी परत जाता येतं.

चालायचा वेग असा की बोलता आलं पाहिजे. सगळ्यात हळू चालणारा पुढून दुसरा ठेवा, वाट माहीत असलेला पहिला, आणि दमदार माणूस सगळ्यात शेवटी. प्रत्येक फाट्यावर शेवटचा येईपर्यंत थांबायचं आणि मोजायचं. मोठ्याने, आकडे बोलून.

वाट ओळखायला शिका, हे पुस्तकात येत नाही, बघूनच येतं. माणसांची जुनी वाट असते तिथे मधले दगड पायांनी घासून गुळगुळीत झालेले असतात, अवघड जागी कुणीतरी पायरीला दगड लावलेला असतो, बाजूच्या फांद्यांवर कोयत्याचे तिरके घाव असतात, जुने काळे पडलेले आणि नवे पांढरे. ती वाट वळसे घेत घेत उंची गाठते. ढोरवाट, म्हणजे गुरांची वाट, वेगळी, ती आडवीच जाते, फुटते, परत मिळते, शेणाच्या पोवट्या दिसतात, आणि शेवटी एखाद्या पाणवठ्यावर नाहीतर चराईच्या माळावर संपते. कारवीच्या रानात तर दोन्ही सारख्याच दिसतात. तेव्हा वीस मिनिटं झाली आणि उंची वाढत नाहीये असं वाटलं की थांबा, शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत परत या. परत यायचा कंटाळा करणारे चुकतात.

चालता चालता एकमेकांकडे बघत राहा. कुणी एकदम गप्प झालं, चिडचिड करायला लागलं, डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणालं, पायात गोळे येताहेत, तर लगेच सावली, बॅग उतरवायची, बूट सैल करायचे, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट. अर्ध्या तासात बरं वाटलं तरी तो माणूस आता वर जाणार नाही, खाली जाणार, आणि एकटा नाही. पण असंबद्ध बोलायला लागला, अंग भाजतंय, तोल जातोय, तर तो उष्माघात, तिथे एक मिनिट पण वाट बघायची नाही. असेल नसेल ते पाणी अंगावर, मानेवर, काखेत, जांघेत ओतायचं, ओल्या फडक्याने वारा घालायचा, आणि मदत बोलवायची. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

उतरताना, आणि नाळेची गोष्ट

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. महिपतगडावरून उतरत होतो, पाच जण, डिसेंबर. वर जास्तच रमलो, उतरायला उशीर झाला, मधल्या रानात फाट्यावर वाट चुकली. आणि मग झाडीतून खाली गावातले दिवे दिसले. अगदी जवळ वाटले, हाक मारली तर ऐकू जाईल इतके. बाजूलाच एक कोरडी नाळ, म्हणजे पाण्याने कोरलेली घळ, सरळ त्या दिव्यांकडे उतरत होती, पांढरे गोटे, मधे वाळू, गवत नाही काटे नाहीत, वाटेपेक्षा सोपी. उतरलो. पाऊण तास मजेत गेला. मग एक खांद्याएवढी उडी आली, ती मारली. पुढे अजून एक, थोडी मोठी, खाली बॅगा टाकल्या आणि तीही मारली. आणि पन्नास पावलांवर नाळ संपली. संपली म्हणजे समोर काळा गुळगुळीत कातळ आणि त्याच्या ओठापलीकडे काहीच नाही. मी टॉर्च खाली मारली तर उजेड खालपर्यंत पोचलाच नाही. पावसाळ्यात तिथे धबधबा असतो, आम्ही त्याच्या माथ्यावर उभे होतो. दिवे अजून तेवढेच जवळ दिसत होते.

परत वर यायला मघाच्या दोन्ही उड्या आता भिंती झाल्या होत्या. एकाच्या खांद्यावर दुसरा उभा राहून, वरून ओढणीला गाठी मारून खेचून, पाचही जण वर यायला दीड तास लागला. मग चालायचं बंद केलं. नाळेतून बाहेर येऊन एका सपाट जागी एकमेकांना चिकटून रात्र काढली, दर तासाला आकडे मोजत. सकाळी गुरं घेऊन आलेल्या एका काकांनी बघितलं, काही बोलले नाहीत, हातातली भाकरी आमच्यापुढे धरली आणि वाट दाखवली. शंभर पावलांवर होती.

हे एवढं लांबवून का सांगितलं, तर कोकणाच्या बाजूने सह्याद्री उताराने उतरत नाही, पायऱ्यांनी उतरतो. कडा, मग रानाचा पदर, मग परत कडा, मग परत पदर. जुनी वाट प्रत्येक कड्यातली एकच फट शोधून काढलेली असते. पाणी मात्र सरळ उडी मारतं, म्हणून पाण्याच्या मागे जाणारा माणूस कड्यावरच पोचतो. खाली दिवे दिसले, रस्ता दिसला, घर दिसलं, तरी अनोळखी नाळेत शिरायचं नाही. आणि जिथून परत चढता येणार नाही अशा जागी खाली उतरायचं नाही. अंधार पडला आणि वाट नाही, तर थांबायचं, कोरडे कपडे घालायचे, एकत्र बसायचं, शिट्टी वाजवायची. थंडीतली एक रात्र माणूस काढतो.

बाकी उतरताना घसाऱ्यावर पाय आडवे टाका, गुडघे किंचित वाकलेले, पावलं छोटी. फारच तीव्र असेल तर बसून उतरा, पँट फाटली तर फाटली. कातळाच्या टप्प्यावर तोंड कातळाकडे करून उतरायचं, दोन हात दोन पाय यातले तीन कायम टेकलेले. शिडीवर एका वेळी एकच माणूस, आणि खाली कुणी उभं राहायचं नाही, वरून दगड येतो.

पाऊस

पावसाळ्यात नवीन माणसाने मळलेल्या वाटेचे, गावाजवळचे, पऱ्या (डोंगरातला ओढा) न ओलांडता होणारे ट्रेकच करावेत. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर घरी बसावं, यावर चर्चा नको. २४ तासात २०४ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे अतिअतिवृष्टी, आणि आपल्या पट्ट्यात तो आकडा दुर्मिळ नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्यात गेलं त्याच दिवशी महाड तालुक्यातलं तळीये दरडीखाली गेलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापुरातली इरशाळवाडी. ज्या उतारावर आपण हौसेने जातो तिथे माणसं राहतात आणि त्या दिवसांत ती रात्र जागून काढतात, आपण जाऊन त्यांच्या काळजीत भर घालू नये.

पऱ्याचं पाणी तुमच्या डोक्यावरच्या पावसाने वाढत नाही, वर माथ्यावर पडलेल्या पावसाने वाढतं. इथे ऊन असताना सुद्धा लोंढा येतो. पाणी एकदम गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला, आवाज बदलला, की लगेच काठ सोडून वर चढा. जोराचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडायचं नाही, साखळी करून पण नाही. आपले पऱ्ये लांबीने छोटे असतात, पाऊस थांबला की बऱ्याचदा दोन-तीन तासांत उतरतात, तेवढं बसून राहा. धबधब्याच्या खाली उभं राहू नका, पाण्याबरोबर दगड येतात. आणि शेवाळलेल्या काठावर सेल्फी काढायला जाऊ नका, मी हात जोडून सांगते.

साप, विंचू, मधमाश्या

आपल्याकडचं फुरसं, हा विषारी साप, लहान असतं, वीतभर-हातभर, मातीच्या रंगाचं, दगडाखाली आणि पाल्यात बसतं, डिवचलं की अंगावर अंग घासून खरवडल्यासारखा आवाज करतं. दगडावर हात ठेवायच्या आधी तिथे बघायचं, बसायच्या आधी काठी आपटायची. चावलाच साप तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिक नाही. अंगठी, बांगड्या, बूट काढा, तो हात किंवा पाय लाकूड बांधून हलणार नाही असा करा, माणसाला चालवू नका, उचलून न्या. साप मारून बरोबर न्यायची काही गरज नाही. लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठी असते, कुठला साप ते डॉक्टर लक्षणांवरून बघतात.

लाल विंचवाला हलकं घेऊ नका. कोकणात त्याने माणसं दगावायची, आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखवलं तेव्हापासून कितीतरी जीव वाचलेत, त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडले तर ताबडतोब हॉस्पिटल, रात्र असली तरी. मुक्कामाला सकाळी बूट झटकूनच घाला.

कड्यावर आग्या मोहोळ असतात. त्यांच्या खाली धूर नको, परफ्यूम नको, आरडाओरडा नको, दगड तर नकोच. उठल्याच माश्या तर हात झाडू नका, तोंड-डोकं ओढणीने किंवा जॅकेटने झाका आणि तिथून लांब दाट झाडीत जा, पण कड्याच्या बाजूला धावू नका. काटे नखाने खरवडून काढा. खूप डंख असतील किंवा श्वास लागत असेल तर हॉस्पिटल.

फेब्रुवारीनंतर वणवे लागतात. आग चढाला जोरात धावते, म्हणून वर पळू नका, आडवे सरका, कातळावर नाहीतर आधीच जळून गेलेल्या काळ्या जागेवर या. आणि मे महिन्यात, ऑक्टोबरात संध्याकाळी गडगडायला लागलं तर धार आणि बुरूज सोडून खाली या, एकट्या झाडाखाली थांबू नका.

काही झालंच तर

११२ लावा, दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क असलं तरी लागू शकतो. ॲम्ब्युलन्सला १०८. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन आहे, राज्यभरातल्या रेस्क्यू टीम त्यांच्यामार्फत निघतात, तो नंबर आदल्या दिवशी शोधून सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा. फोनवर घाबरून ओरडू नका, सांगा: कुठला डोंगर, कुठल्या गावातून चढलो, आता कुठे आहोत, किती जण, कुणाला काय झालंय, बॅटरी किती. लोकेशनचे आकडे एसएमएसने पाठवा, कॉल लागत नाही तिथे एसएमएस जातो. आणि मग जागा सोडू नका. खरं सांगते, सगळ्यात आधी पोचतात ती पायथ्याच्या वाडीतली माणसं, पायात साधी चप्पल, हातात बॅटरी आणि कोयता. म्हणून सकाळी निघतानाच वाडीत सांगून निघा, आम्ही वर जातोय, संध्याकाळी उतरलो की परत भेटून जातो. आणि उतरल्यावर खरंच भेटून जा, नाहीतर ती माणसं रात्री वाट बघत बसतात.

घरी आल्यावर

कागदावरच्या माणसाला फोन. मग गरम पाण्याने आंघोळ, आणि कानामागे, काखेत, कमरेच्या इलॅस्टिकखाली गोचीड आहे का बघा. असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, चिरडायची नाही. सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला २०१६ पासून माकडताप आढळलाय, तो गोचिडीमुळेच होतो. पावसात चिखलातून, शेतातून चालला असाल आणि पायाला जखम असेल तर लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, शक्यता असते. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर अंगावर काढू नका, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी स्वतःहून सांगा की मी अमुक तारखेला अमुक रानात गेले होते.